पाणी गाळतो, निरोप का नाही?



आज थोडं कडू लिहिणार आहे. परवा आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा एक निरोप आला. वर कुण्या मोठ्या डॉक्टरांचं नाव, खाली हात जोडल्याची चित्रं आणि शेवटी 'दहा जणींना पाठवा, पुण्य लागेल.' औषध कशावर? तर साखर, थायरॉईड, गुडघेदुखी, सगळ्यांवर एकच. पाठवणारी आपल्यातलीच, मनानं फार चांगली. तिला फोन करून विचारलं, "ताई, हे डॉक्टर कुठले?" ती म्हणाली, "काय माहीत बाई. मला आलं, मी पुढं ढकललं. चांगलंच आहे की!"

हे 'चांगलंच आहे की' कोरोनात आपल्याला किती महाग पडलं, ते आपण विसरलो. म्हणून आज जुनं उकरून काढते आहे.

आपल्या घरात पाणी टेंभूचं येवो, बोअरचं येवो नाहीतर विहिरीचं, दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय घागरीत पडत नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, उकळलेल्याची २४ तास. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, थंडीत ७. फडक्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत हळूच सोडायची, वरून भसकन ओतायची नाही. हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, आईचे हात बघून आलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी इतकं जपणाऱ्या आपण, डोळ्यांदेखत वावरणाऱ्या माणसांच्या जिवाशी खेळणारा निरोप मात्र न गाळता घरोघर पोचवतो. माझं भांडण एवढंच आहे.

भांडणाची सुरुवात माझ्यापासूनच करते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो' असे निरोप फिरत होते. मी ते पाठवले. एकदा नाही, चारपाच वेळा. 'बघा, शेवटी जैन आहारच खरा' असं वर माझ्या पदरचं वाक्यही जोडलं. सरकारी अधिकारी सांगत होते की याला काही आधार नाही. मी ते वाचलंही होतं. पण खोटं माझ्या धर्माच्या बाजूचं होतं, म्हणून मला ते गोड लागलं. त्या दिवसांत राज्यभर कोंबडीचे भाव पडले, पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी मातीमोल विकले. तुम्ही म्हणाल, पोल्ट्रीवाल्यांचं नुकसान झालं तर आपण का हळहळायचं? अगं, अहिंसेची बाजू मांडायला आपल्याकडे खरं काय कमी आहे, की ती खोट्यावर उभी करावी? खोट्याच्या टेकूवर उभी केलेली अहिंसा उद्या टेकू पडला की पडते. आणि टेकू पडलाच. शाकाहारी घरांतही कोरोना आलाच ना? माझ्या घरात आला.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पुरतं मोडलं असं नाही, पण त्याला डाग लागला. त्यातला पहिलाच आहे मिथ्योपदेश, म्हणजे चुकीचा सल्ला देणं. सल्ला माझ्या तोंडचा नव्हता, मी फक्त पुढं पाठवला, ही पळवाट तिथं चालत नाही. वाटीत विष कुणी घातलं हा एक प्रश्न, वाटी कुणी वाढली हा दुसरा.

त्याच यादीत रहोभ्याख्यान आहे. दुसऱ्याची झाकली गोष्ट उघडी करणं. २३ मार्च २०२० ला आपल्याच जिल्ह्यात, इस्लामपुरात, सौदीहून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे बाधित निघाले. थोड्याच दिवसांत त्यांच्या नातेवाइकांत आकडा पंचवीसपर्यंत गेला. मिरजेला उपचार झाले आणि त्यातले बहुतेक बरे होऊन घरी आले. पण बरे झाल्याची बातमी किती जणींनी पुढं पाठवली? पाठवली ती त्यांची नावं, त्यांची जात, त्यांचा धर्म, आणि मग 'अमक्यांकडून भाजी घेऊ नका'. हे कडेगावात? जिथं मोहरमला हिंदूंचे नि मुसलमानांचे गगनाला भिडणारे ताबूत एकमेकांना भेटतात आणि आपण गच्चीवरून पोराबाळांना उचलून ते दाखवतो, त्या कडेगावात? मला आजही त्या निरोपांची लाज वाटते.

मग ती सवय आपल्यावरच उलटली. पुढच्या महिन्यांत कुठल्या गल्लीत कोण पॉझिटिव्ह आलं, त्यांच्या नावांच्या याद्या फिरू लागल्या. ज्या घराचं नाव यादीत आलं, त्या घरचं दूध बंद, कचरा बंद, दारावरून जाणारा पदर तोंडाशी. परिणाम काय झाला? लोकांनी ताप लपवला. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली. आशाताई दारोदार येऊन तापमान बघायची, बोटाला ऑक्सिमीटर लावायची. तिला आपण काय सांगितलं? "आमच्याकडे सगळे ठणठणीत." आत सासरे गोधडी घेऊन कुडकुडत होते. जिला आपण लहानपणापासून ओळखतो, जिचं घर पुढच्या आळीत आहे, तिला खोटं सांगितलं. आणि ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही, अशा मोबाईलमधल्या डॉक्टरावर डोळे मिटून विश्वास ठेवला. आजेसासूबाई प्लेगच्या आठवणी सांगायच्या, गाव सोडून लोक रानात झोपड्या टाकून राहायचे. तेव्हा वाईट बातमी आणणारा निदान समोर उभा असायचा, त्याला खडसावून विचारता यायचं, "तू स्वतः पाहिलंस का?"

आता सगळ्यात कठीण सांगते. एप्रिल २०२१. दुसरी लाट. कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरीच्या तेलाचे थेंब पुरचुंडीत बांधून हुंगलं की ऑक्सिजन वाढतो, हा निरोप आठवतोय? आपल्या ग्रुपवर तो माझ्या मोबाईलवरून गेला होता. महावीर जयंती त्या वर्षी २५ तारखेला होती. मंदिर बंद, घरातच अभिषेकाची तयारी चाललेली. मोठ्या जाऊबाईंना ताप येऊन पाच दिवस झाले होते. ऑक्सिमीटर ९१ दाखवत होता. ९४ च्या खाली गेलं की दवाखाना गाठायचा, हे आशाताईनं सांगून ठेवलेलं. पण जाऊबाई म्हणाल्या, "तू पाठवलंस ना ते, पुरचुंडी दे. वाढेल." दोन दिवस आम्ही पुरचुंडी हुंगवली. कापरानं नाकाला गार लागतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. वाटतो तेवढाच. रक्तातला ऑक्सिजन त्यानं वाढत नाही. तिसऱ्या दिवशी आकडा ८४ वर आला, तेव्हा आम्ही मिरजेची गाडी बघायला धावलो. जाऊबाई वाचल्या. सतरा दिवसांनी घरी आल्या, पण अजून जिना चढताना मध्ये थांबतात. त्या थांबल्या की मी खालून बघते आणि मला ते दोन दिवस आठवतात.

आपल्या मंडळातली एक सखी त्याच आठवड्यात एकटी झाली. त्यांच्याही घरात पुरचुंडी होती. लवकर नेलं असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. कुणीच म्हणू शकत नाही. पण तिच्या घरी तो निरोप कुणामुळे पोचला, हे मला ठाऊक आहे.

यावर दोन उत्तरं मला नेहमी ऐकवली जातात. पहिलं, "डॉक्टर तरी कुठं एक बोलतात? आज एक, उद्या दुसरं." खरं आहे. त्याच एप्रिलमध्ये आपले भाऊ, नवरे रेमडेसिविरच्या एकेका बाटलीसाठी रात्र रात्र फिरले. जागतिक आरोग्य संघटनेनं तर नोव्हेंबर २०२० मध्येच ते वापरू नये असा सल्ला दिला होता. प्लाझ्मासाठी आपण रक्तगटाचे निरोप फिरवले, आणि मे २०२१ मध्ये सरकारी उपचारपद्धतीतून प्लाझ्माच काढून टाकला. पण फरक बघा. ज्यांनी आधी सांगितलं, त्यांनी तपासलं, चूक निघाल्यावर तारीख घालून जाहीरपणे सांगितलं की हे आता करू नका. आपण रोज प्रतिक्रमण म्हणतो, ते यापेक्षा वेगळं काय असतं? आणि कापराचा निरोप लिहिणारा कधी परत आला का, चुकलं म्हणायला? बदलतो म्हणून डॉक्टर खोटा आणि कधीच बदलत नाही म्हणून निरोप खरा, हा कुठला न्याय?

दुसरं उत्तर जास्त टोचतं. "आपला अनेकांत आहे ना? त्याचंही खरं, ह्याचंही खरं." नाही हो. अनेकांत म्हणजे सगळं खरं असं नव्हे. कोणत्या अपेक्षेनं खरं, तेवढं नेमकं सांगणं म्हणजे अनेकांत. वाफ घेतली की चोंदलेलं नाक सुटतं, या अपेक्षेनं वाफ खरी. वाफेनं कोरोना मरतो, हे कुठल्याच अपेक्षेनं खरं नाही. गरम पाण्यानं घशाला बरं वाटतं. गरम पाण्यानं विषाणू धुऊन जात नाही. एवढा फरक करायला पंडित लागत नाही, थोडं थांबावं लागतं.

जून २०२१ मध्ये 'कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्त आहे' हा निरोप आला, तेव्हा आपल्या घराघरांत धस्स झालं. प्रश्न आपल्यासाठी खोटा नव्हता आणि तो विचारणाऱ्या बाईला मी कधी हसणार नाही. पण निरोप अर्धाच होता. सरकारनं खुलासा केला की वासराचा सीरम पेशी वाढवताना वापरतात, नंतर त्या पेशी धुतल्या जातात, तयार लसीत तो राहत नाही. हे पूर्ण ऐकूनही जिला कोव्हॅक्सिन नको वाटली, तिनं कोविशिल्डची वाट बघावी, तो तिचा विवेक. माझ्या सासूबाईंनी खुलासा दोनदा वाचून घेतला, णमोकार म्हटला आणि मिळेल ती लस घेतली. पण अर्ध्या निरोपावर कितीजणी दोन्ही लसींविना बसून राहिल्या! निवड वेगळी आणि भीती वेगळी.

म्हणून सांगते, पाण्याचेच तीन नियम निरोपाला लावा. आधी गाळा: सांगणारा कोण, त्याचा दवाखाना कुठं, आशाताईला किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं का? मग मर्यादा बघा. कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी ४ आठवडे होतं, मग ६ ते ८ झालं, आणि मे २०२१ मध्ये १२ ते १६. मार्चमधला निरोप त्या दिवशी खरा होता, जूनमध्ये शिळा. तारीख नसलेला निरोप म्हणजे कधी दळलं ते माहीत नसलेलं पीठ. ते आपण देवाच्या नैवेद्याला घेऊ का?

आणि तिसरी, जिवाणी. निरोप चुकीचा निघाला, तर गुपचूप पुसून टाकू नका. जिथून आला तिथं परत सोडा, हळूच, अपमान न करता. पाठवणारीला एकटीला फोन करा. आणि स्वतः पाठवला असेल, तर जिथं पाठवला तिथंच सांगा.

मी हे सांगायला उशीर केला. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण निघाले, तेव्हा पुन्हा चिकनवरचे निरोप येऊ लागले, आणि माझं बोट पुन्हा त्या बाणाकडे गेलं. गेलं आणि थांबलं. त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं: 'एप्रिल २०२१ मध्ये मी कापूर-ओव्याचा निरोप पाठवला होता. तो चुकीचा होता. कुणाचं त्यामुळे नुकसान झालं असेल तर मला क्षमा करा.' क्षमावाणीच्या दिवशी माझ्या शुभेच्छांवर शंभर फुलं येतात. यावर दोनच उत्तरं आली. एक जाऊबाईंचं होतं, नुसतं 'बरं केलंस'. दुसरं त्या सखीचं. तिनं लिहिलं होतं, 'मीही पुढं पाठवला होता गं, भावाला.'

उत्तम क्षमा.