अडत हवी, जबाबदारी नको

बाजार समितीतला अडत्या प्रत्येक सौद्यावर अडत घेतो. म्हणून त्याला परवाना घ्यावा लागतो आणि सौद्याबद्दल जाबही द्यावा लागतो. इंटरनेटवर बाजार मांडून बसलेल्या बड्या कंपन्या हीच अडत देशभर घेतात. परंतु फसवणुकीची तक्रार आली की ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे म्हणून हात झटकतात. या पवित्र्याची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असेल तर वाराणसीच्या विणकर वस्त्यांकडे पाहावे.

बनारसी शालू मराठी माणसाला परका नाही. अनेक कुटुंबांत लग्नाच्या याद्या करताना तो आजही मानाने लिहिला जातो आणि साठवलेल्या पैशांतून आयुष्यात एकदाच घेतला जातो. या वस्त्राच्या नावाला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाराणसी, मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर आणि आझमगड या सहा जिल्ह्यांतील विणकरांच्या कसबावर कायद्याने केलेले हे शिक्कामोर्तब होय. तरीही यंत्रमागावरचे पॉलिएस्टर ‘बनारसी सिल्क’ या नावाने पडद्यावर राजरोस मांडले जाते.

मदनपुरा, अलईपुरा वा लोहता येथील मागावर कढुआ पद्धतीने विणताना प्रत्येक बुट्टा वेगळ्या कांडीने भरावा लागतो. अशा एका साडीसाठी कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. दुकानात जाणती बाई पदर उलटा करून मागची बाजू पाहते, काठावर टाचण्यांच्या बारीक खुणा शोधते. पडद्यावर तिच्या हाती उरते ते एक छायाचित्र, किंमत आणि कोणी दिले हे न कळणारे तारे. खाली बारीक अक्षरांत ‘आर्ट सिल्क’ लिहिलेले असते. ‘आर्ट’ म्हणजे येथे कला नव्हे, कृत्रिम धागा, हे तिला कोण सांगणार?

यंत्रमागावर राबणारा कामगार येथे आरोपी नाही. तोही कष्टकरीच आहे, आणि त्याने विणलेले स्वस्त कापड स्वतःच्या नावाने विकले गेले तर कोणाचीच तक्रार नाही. आक्षेप आहे तो खोट्या नावावर, आणि त्या नावावर अडत घेणाऱ्यावर.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे ७९ वे कलम मध्यस्थाला काही अटींवर जबाबदारीतून मुक्त करते. जुलै २०२० मध्ये ई-वाणिज्याचे ग्राहक संरक्षण नियम आले. ज्यांचा माल वारंवार काढून टाकावा लागला, अशा विक्रेत्यांची नोंद ठेवण्याचा ‘वाजवी प्रयत्न’ कंपनीने करावा, असे ते सांगतात; मात्र त्या विक्रेत्याला बाहेर काढण्याची सक्ती करीत नाहीत. शिवाय या तरतुदीत कॉपीराइट, व्यापारचिन्ह व माहिती तंत्रज्ञान या कायद्यांची नावे आहेत. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा मात्र नाही. कंपनीच्या ब्रँडची आठवण राहिली, विणकराच्या नावाची राहिली नाही! त्याच जुलै महिन्यात सरकारने अखिल भारतीय हातमाग मंडळही बरखास्त केले.

दंडाचा धाक किती, हे प्रेशर कुकरच्या प्रकरणात दिसले. सक्तीच्या मानकांत न बसणारे २,२६५ कुकर ॲमेझॉनच्या व्यासपीठावरून विकले गेले. त्यावर सहा लाख चौदा हजारांहून अधिक शुल्क मिळाल्याचे कंपनीने मान्य केले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे देण्याचा आदेश दिला आणि दंड केला एक लाख रुपये! कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सहा लाखांची अडत आणि एक लाखाचा दंड, हा हिशेब ज्याला समजतो त्याला दक्षतेची गरज का भासावी?

लाखो विक्रेत्यांचा माल तपासणे अशक्य आहे, असा युक्तिवाद केला जातो. परंतु कोणता माल वर दाखवायचा, कोणत्या ग्राहकाला कोणती जाहिरात दाखवायची, हे क्षणात ठरवणाऱ्या यंत्रणेला विक्रेत्याचे नाव चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयातील अधिकृत वापरकर्त्यांच्या यादीशी ताडून पाहता येत नाही, हे कोणी मानावे? अडचण तंत्राची नाही, नफ्याची आहे.

खोटा व खरा माल एकाच फळीवर आला की खऱ्याचा भाव पडतो. गद्दीदार तो तोटा गिरस्त्यावर ढकलतो, गिरस्ता विणकराच्या मजुरीवर. २००९-१० च्या गणनेत हातमागावर जगणारे ४३ लाखांहून अधिक होते. २०१९-२० च्या गणनेत ३५ लाख उरले. या घटीला सूत, वीज आणि कर्जासारखी इतर कारणेही आहेत. पण जो टिकून आहे त्याच्या हातून त्याचे नावही जावे काय? येवल्याच्या पैठणीला २०१० मध्ये मानांकन मिळाले. तिच्यापुढेही हाच प्रश्न आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. मानांकित नाव वापरणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक पडद्यावर दिसलाच पाहिजे. १९९९ चा कायदा त्या नियमात घालून वारंवार फसवणाऱ्याची हकालपट्टी सक्तीची झाली पाहिजे. विक्रेता सापडत नसेल तर पैसे कंपनीने परत करावेत, आणि दंड विक्रीच्या प्रमाणात असावा. ग्राहक पंचायती आणि विणकरांच्या संघटना आजवर वेगवेगळ्या दारांवर अर्ज घेऊन गेल्या. फसलेली ग्राहक आणि लुबाडलेला विणकर एकाच सौद्याचे बळी आहेत. त्यांचा अर्जही एकच असला पाहिजे.