केबल सोडली, हक्क का सोडायचे?

प्रति,
माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

विषय : ओटीटी प्रेक्षकांचे ग्राहक म्हणून असलेले हक्क

महोदय,


आमच्या घरची केबल आम्ही बंद केली. सेट टॉप बॉक्स परत केला, ब्रॉडबँड घेतले आणि टीव्हीवर ओटीटीची ॲप्स टाकली. असे करणारे आम्ही एकटे नाही. केबल कंपन्यांचा महासंघ आणि ईवाय ही सल्लागार संस्था यांच्या २०२५ च्या अहवालानुसार पैसे भरून टीव्ही पाहणारी घरे २०१८ मध्ये १५.१ कोटी होती, ती २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली. कमी झालेल्या घरांतली काही दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशकडे वळली, काही आमच्यासारखी ओटीटीकडे. केबल उद्योगाचे काय होणार याची चर्चा होते. ओटीटीकडे गेलेल्या प्रेक्षकाचे कोणते हक्क मागे राहिले, याची मात्र कोणी वाच्यता करत नाही. म्हणून हे पत्र.

फेब्रुवारी २०१९ आठवावा. ट्राय या नियामक संस्थेची नवी दरप्रणाली लागू झाली आणि घरोघरी चॅनेलांच्या याद्या होऊ लागल्या. आईची दोन, बाबांचे बातम्यांचे एक, मुलांचे कार्टूनचे एक. पहिल्या १०० चॅनेलांसाठी १३० रुपये, म्हणजे जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर हव्या त्या पे चॅनेलची जाहीर किंमत. पॅकमध्ये घालायच्या चॅनेलची किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नव्हती. अनेकांची बिले वाढली, केबलवाल्यांशी वाद झाले, हेही खरे. पुढे नियम बदलत गेले आणि २०२४ मध्ये १३० रुपयांची मर्यादाही उठली. तरी मूळ तत्त्व टिकले : प्रत्येक चॅनेलची किंमत जाहीर हवी आणि प्रत्येक चॅनेल सुटे मिळायला हवे. मधल्या काळात नियम बदलले तेव्हा प्रसारक मुंबई उच्च न्यायालयात गेले. जून २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांतले बहुतेक नियम वैध ठरवले. प्रेक्षकाने जे पाहायचे त्याचेच पैसे भरावेत, हा विचार या देशात एकदा मान्य झालेला आहे.

आता ओटीटीकडे पाहा. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सोनी लिव्हवर. केबलवर ही चारही चॅनेले सुटी घेता येतात. ओटीटीवर तेवढ्यासाठी तीन ठिकाणी सबस्क्रिप्शन, आणि त्यासोबत न मागितलेले बरेच काही. भाषेपुरता स्वस्त पॅक काढायचा की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर. तो देण्याचे बंधन कोणावरही नाही. फक्त मराठी पाहणाऱ्या घराला इथे आपल्यापुरते मागण्याचा हक्कच उरलेला नाही.

जाहिरातींचेही तसेच. टीव्ही चॅनेलांना तासाला १२ मिनिटांची मर्यादा केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत लिहिलेली आहे. तिच्यावरून खटले झाले, ती पाळली जात नाही अशा तक्रारी झाल्या, पण मर्यादा कागदावर आहे आणि तिच्याकडे बोट दाखवता येते. ओटीटीला अशी मर्यादाच नाही. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर पैसे भरणाऱ्या भारतीय प्रेक्षकांनाही जाहिराती दिसू लागल्या, आणि त्या नको असतील तर वर वेगळे पैसे. कंपनीला तसे करण्यापासून कोणताही नियम अडवत नाही.

तक्रारीचे पाहा. एका सेवेचे वर्ष संपले आणि माझ्या खात्यातून पुढच्या वर्षाचे पैसे गेले. ती बंद करायची सोय ॲपमध्ये शोधत राहिले. बोलायला माणूस नव्हता, मराठी नव्हती, ठरावीक उत्तरे देणारा चॅट होता. केबलची लाइन गेली की आमचा केबलवाला संध्याकाळपर्यंत गच्चीवर चढायचा. तो नाही आला, तर कंपनीने टोल फ्री क्रमांक दिलाच पाहिजे आणि नोडल अधिकारी नेमलाच पाहिजे, असा नियम होता. ओटीटीसाठी २०२१ च्या आयटी नियमांत तीन पातळ्यांची तक्रारव्यवस्था आहे, पण ती आचारसंहितेपुरती. एखादे दृश्य आक्षेपार्ह आहे असे मी म्हणू शकते आणि त्यावर १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. माझे पैसे कापले गेले, हे त्या व्यवस्थेला सांगता येत नाही.

गेली काही वर्षे सरकारची ओटीटीबद्दलची चिंता पडद्यावर काय दाखवतात याभोवतीच फिरते आहे. २०२३ च्या प्रसारण सेवा विधेयकाच्या मसुद्यावर वाद पेटला, तोही याच कारणाने. आशयावर कात्री चालवा, असे मी मुळीच म्हणत नाही. कलावंतांचे स्वातंत्र्य प्रेक्षकाच्याही हिताचे आहे. माझे म्हणणे एवढेच, की बिलाचा प्रश्न आशयाच्या वादातून बाहेर काढा. दोन्ही एका विधेयकात बांधले, तर एकाच्या भांडणात दुसरा अडकून पडतो.

काम अवघड आहे असेही नाही. ठरलेल्या तारखेला आपोआप पैसे कापण्याआधी २४ तास कळवा, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक २०२१ पासून अमलात आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सबस्क्रिप्शनच्या सापळ्याला अनुचित प्रथा ठरवले. तुकडे आहेत, ते प्रेक्षकासाठी एकत्र आणणारे कोणी नाही. ओटीटी नोव्हेंबर २०२० पासून तुमच्या मंत्रालयाच्या कक्षेत आहे, केबलचा कायदाही तुमच्याकडेच आहे. दोन्ही टोके तुमच्याच हातात आहेत.

म्हणून पुढील मागण्या करते.

१. प्रादेशिक भाषांतले कार्यक्रम देणाऱ्या प्रत्येक मोठ्या ओटीटीने त्या भाषेपुरता पॅक जाहीर किमतीला द्यावा.

२. पैसे घेतलेल्या मुदतीत ना किंमत वाढावी, ना जाहिराती नव्याने सुरू व्हाव्यात.

३. सेवा घेणे जितके सोपे, तितकेच ती बंद करणे सोपे असावे.

४. बिलाच्या तक्रारीसाठी माणूस बोलेल असा क्रमांक असावा, आणि महाराष्ट्रातल्या ग्राहकाशी तो मराठीत बोलावा.

५. केबलचालकांना दूरदर्शनची ठरावीक चॅनेले दाखवणे बंधनकारक आहे. स्मार्ट टीव्हीवरही दूरदर्शनचे मराठी चॅनेल सह्याद्री आणि प्रसार भारतीचे ओटीटी ॲप वेव्हज सहज दिसतील अशा जागी असावीत.

या मागण्यांवर मंत्रालयाने चर्चापत्र काढावे, ते मराठीसह भारतीय भाषांत प्रसिद्ध करावे आणि प्रेक्षकांच्या सूचना मागवाव्यात. दरप्रणाली ठरताना प्रसारक आपले वकील घेऊन हजर असतात. प्रेक्षकाला निदान आपल्या भाषेत लिहिता तरी येऊ द्या.

१९९१ च्या आखाती युद्धाच्या काळात या देशात गच्चीवरून गच्चीवर केबलच्या तारा गेल्या. कायदा यायला १९९५ उजाडले, आणि चॅनेल सुटे घेण्याचा हक्क देशभर प्रत्यक्ष हातात पडायला २०१९. ओटीटीच्या प्रेक्षकाला तेवढी वर्षे ताटकळत ठेवू नका.

आपली,
पैसे भरून पाहणारी एक प्रेक्षक