मारहाण म्हणजे तंटा नव्हे

गावातला तंटा गावातच मिटावा, या हेतूने 15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाच्या किंवा वाटणीच्या वादात ही पद्धत शोभते. दोन्ही बाजू साधारण सारख्या तोलाच्या असतात, दोघांनी थोडं थोडं सोडलं की वाट निघते. पण नवऱ्याने बायकोला मारलं, तर तिने नेमकं काय सोडायचं? ‘दोघांनीही समजुतीने घ्या’ हा सल्ला इथे वरवर निःपक्ष वाटतो, प्रत्यक्षात तो मारणाऱ्याच्या पारड्यात पडतो. घरातली मारहाण तंट्यांच्या यादीतून बाहेर काढायला हवी.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात लग्न झालेल्या दर चौघींपैकी सुमारे एकीने नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. त्याच पाहणीत, देशभरात हिंसा सोसलेल्या 77 टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. हे मौन उगाच येत नाही. मावळातल्या इंदुरीचाच विचार करा. दाभाड्यांच्या गढीचं हे जुनं गाव आज तळेगाव-चाकणच्या कारखानदारीच्या वाटेवर आहे. अशा गावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या बायकोचं माहेर दूर असतं. तंटामुक्तीच्या बैठकीत तिच्या बाजूने बोलायला भावकी नसते. गावातल्या सुनेला भावकी असते, पण ती बहुधा नवऱ्याचीच.

यावर म्हटलं जातं, की बाईलाच संसार मोडायचा नसतो. मग समेट घडवला तर बिघडलं कुठे? खरं आहे, अनेकींना संसार हवा असतो, फक्त मार नको असतो. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा नेमका त्यासाठीच आहे. घटस्फोट न मागता तिला संरक्षणाचा, त्याच घरात राहण्याचा आणि खर्चाचा आदेश मिळू शकतो. आधी तिची सुरक्षितता, मग तिला हवा असेल तर समेट, हा क्रम बैठकीत उलटा होतो. दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. अटकेबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अर्नेश कुमार निकालात पोलिसांना लगाम घातलाच आहे. शिवाय 2005 चा हा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. नवऱ्याने संरक्षणाचा आदेश मोडला, तरच तो गुन्हा ठरतो. मग एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग गावाने करायचं काय? न्यायनिवाडा नको, खबर द्यावी. हिंसा घडते आहे असं वाटल्यास कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, असं हाच कायदा सांगतो. भिंतीपलीकडचा शेजारी, आशाताई, अंगणवाडी सेविका, घरमालक, सगळ्यांना ही मुभा आहे. ग्रामसभेने मारहाणीची प्रकरणं समेटासाठी न घेण्याचा ठराव करावा. संरक्षण अधिकाऱ्याचं नाव, फोन आणि 181 हा मदत क्रमांक पंचायतीच्या फलकावर लावावा. वडगाव मावळच्या न्यायालयापर्यंत एकटीने जाणं अवघड असेल, तर सोबत कुणी जायचं तेही ठरवावं. याला फारसा खर्च नाही. मात्र ‘आमच्या गावात तंटा नाही’ हे सांगण्याचा अभिमान थोडा बाजूला ठेवावा लागेल. कारण ज्या गावातून एकही तक्रार येत नाही, तिथे शांतता असेलच असं नाही. कदाचित तिथल्या बायका त्या 77 टक्क्यांत असतील.