काळ्याने नमते का घ्यावे?

काळ्या मोहऱ्या हाती आल्या की आधी बरोबरी साधावी, मग जमले तर जिंकण्याचा विचार करावा, असे आपल्याकडे मुलांना शिकवण्याचा प्रघात आहे. हा उपदेश शहाणपणाचा वाटतो खरा; पण त्यातून जो खेळाडू तयार होतो तो पहिल्या खेळीपासूनच माफी मागत बसलेला असतो! या वृत्तीला माझा विरोध आहे.

मात्र तिच्याविरुद्ध बंड म्हणून जे सांगितले जाते, तेही मला मान्य नाही. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे सरकवताच राजापुढचे प्यादे बळी देणारा एंग्लुंड गॅम्बिट घ्या. काळ्याचा वजीर धावत जाऊन बी-२चे प्यादे खातो. पांढऱ्याने घाईने सी-३वर उंट आणला तर तो फसला. घोडा आणला तर मात्र काळ्याचा वजीर परक्या गोटात एकटा सापडतो आणि मागे सारा संसार उघडा पडतो. प्रतिपक्षी चुकेल या आशेवर उभे असलेले हे साहस कसले? ही तर सोडत झाली.

खरे साहस निराळे. १९१८ साली न्यूयॉर्कला मार्शलने कापाब्लांकासमोर रुय लोपेझमध्ये आठव्या खेळीला वजिरापुढचे प्यादे पुढे ढकलले आणि राजापुढचे प्यादे देऊन टाकले. तो डाव कापाब्लांकाने जिंकला. लोक एवढेच लक्षात ठेवतात आणि मान हलवतात. पण पुढे काळ्याची खेळी सुधारली गेली. आणि १९६५ साली तिबिलिसीत, आक्रमणासाठीच गाजलेल्या तालसमोर, स्पास्कीने तेच शस्त्र उचलले व सामना जिंकला. आज मोठमोठे खेळाडू पांढऱ्या बाजूने आठव्या खेळीलाच वाट बदलून हा हल्ला टाळतात. प्यादे फुकट मिळत असते, तर ते कोणी सोडले असते काय?

बेन्को गॅम्बिट तर याहून बोलका. तिथे काळा तिसऱ्या खेळीला बी-५वर प्यादे देतो. मोबदल्यात त्याच्या हत्तींना वजिराच्या बाजूच्या दोन उभ्या पट्ट्या खुल्या मिळतात आणि जी-७वरचा उंट दूरवर मारा करतो. वजीर पटावरून गेले, तरी हा दाब सहसा ओसरत नाही.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे एवढेच : मुलाने प्यादे दिले तर त्याचा हात धरू नका. त्याला विचारा, "समोरच्याने सर्वांत चांगले उत्तर दिले, तर तुझ्याजवळ काय उरते?" उत्तर असेल तर खेळू द्या, हरला तरी खेळू द्या. उत्तर नसेल तर तेच प्यादे त्याच्या हातात परत ठेवा. पण काळ्या बाजूला बसला म्हणून त्याला नमते घ्यायला शिकवू नका; ती सवय पटावरच थांबत नाही.