सायकल शर्यत कोणाच्या मालकीची? पुण्यात सरकारची, फ्रान्समध्ये एका घराची

हळ्ळीखेड (बी) : आपल्या हुमनाबाद-भालकी पट्ट्यात घरातलं एखादं पोरगं पुण्याला नोकरीला असणं काही नवीन नाही. जानेवारी २०२६ मध्ये अशा घरांत फोनवर एक विषय हमखास निघायचा : सायकल शर्यतीसाठी रस्ते कसे चकाचक केले, आणि शर्यतीच्या दिवशी ते कसे बंद ठेवले.

ही शर्यत म्हणजे 'बजाज पुणे ग्रँड टूर'. १९ ते २३ जानेवारी, एकूण ४३७ किलोमीटर, मुळशीच्या डोंगरापासून पुरंदर-बारामतीपर्यंत. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या २.२ श्रेणीतली, अनेक टप्प्यांची, भारतातली ही पहिलीच शर्यत. परदेशी संघ आले, कौतुक झालं, ते योग्यच. पण ही शर्यत नेमकी कोणाची, हे कोणी विचारलं नाही.

आयोजक पुणे जिल्हा प्रशासन, सोबत राज्य सरकार आणि भारतीय सायकलिंग महासंघ. रस्ते सरकारी तिजोरीतून, बंदोबस्त पोलिसांचा, नावापुढं बजाज. म्हणजे उद्योगघराण्याचं नाव आहे, पण घराण्याची मालकी नाही.

जगातली सगळ्यात मोठी शर्यत, 'टूर द फ्रान्स', याच्या बरोबर उलटी आहे. तिची सुरुवात पेपर खपवण्यासाठी झाली. १९०३ मध्ये 'ल ऑटो' या क्रीडा दैनिकाचा संपादक आंरी देग्रांज याने प्रतिस्पर्धी पेपरला मागे टाकायला ती काढली. पेपर पिवळ्या कागदावर छापला जायचा, पहिल्या क्रमांकाच्या सायकलपटूची पिवळी जर्सी त्यावरूनच आली असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये 'ल ऑटो' बंद झाला, त्याच्या जागी 'लेकिप' आला आणि १९४७ ची शर्यत 'लेकिप' व एमिलियाँ आमोरी यांच्या 'ल पारिझियाँ लिबेरे' या पेपरनं मिळून भरवली. १९६५ मध्ये आमोरींनी 'लेकिप'च विकत घेतला. शर्यत घरात आली.

मग आपल्याकडं होतं तेच झालं. १९७७ मध्ये एमिलियाँ घोड्यावरून पडून वारले आणि वारसाहक्कावरून मुलगा फिलिप व मुलगी फ्रान्सीन कोर्टात गेले. भांडण सहाएक वर्षं चाललं. शेवटी 'लेकिप' आणि त्याबरोबर शर्यत फिलिपकडं राहिली. २००६ मध्ये ते गेले, तेव्हा सूत्रं पत्नी मारी-ओदिल यांनी हातात घेतली, पुढं मुलंही कारभारात आली. २०१५ मध्ये या कुटुंबानं 'ल पारिझियाँ' विकून टाकला. शर्यत मात्र नाही विकली. ज्या पेपरसाठी शर्यती काढल्या त्या काळात पेपर मोठा होता, आता कमाई शर्यतीत आहे. त्यांची ए.एस.ओ. ही कंपनी पॅरिस-रुबे, डकार रॅली आणि स्पेनची वुएल्तासुद्धा चालवते.

पैसा कसा येतो बघा. टीव्हीचे हक्क, प्रायोजक, आणि गावं! ज्या गावात टप्पा सुरू होतो किंवा संपतो, ते गाव कंपनीला पैसे देतं. शर्यत परदेशातून सुरू करायची तर लाखो युरो मोजावे लागतात. टीव्हीच्या कमाईत संघांना वाटा नाही. तीन आठवडे घाम गाळणाऱ्या विजेत्याचं बक्षीस पाच लाख युरो, तेही तो बहुतेक वेळा साथीदारांत वाटून टाकतो. ही तक्रार तिकडं जुनी आहे आणि खरी आहे.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. पुढच्या जुलैत शर्यत होणार की नाही, ही शंका फ्रान्समध्ये कोणाला येत नाही, कारण न भरवल्यास त्या घराचंच दुकान बसतं. आपल्याकडं जिल्हाधिकारी बदलतो, सरकार बदलतं, बजेटचं शीर्षक बदलतं. मुंबई-पुणे शर्यतीचं उदाहरण समोर आहे. बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून मिरवणारी ही शर्यत महाराष्ट्रात घराघरांत माहीत होती, पण तिचा पक्का धनी कधी नव्हता. त्यामुळं खंड पडत गेले.

मालक एकच घर असावं असं माझं म्हणणं नाही. हळ्ळीखेडसारख्या सहकारी साखर कारखान्याच्या गावात राहून ते म्हणवणारही नाही. शेअर सभासदांचा असला तरी कारभार कोणाचा, हा प्रश्न उरतोच, हे इथं कोणाला शिकवायला नको.

हा विषय आपल्यालाही लागू आहे. विजयपूर-बागलकोट भागातली शेतकऱ्यांची पोरं-पोरी राष्ट्रीय पातळीवर सायकल चालवतात. पुण्याचं बघून उद्या कलबुर्गी किंवा बिदरमध्ये अशी शर्यत काढायची टूम निघाली, तर रस्ता होईल म्हणून आपण खुश होऊ. पण त्याआधी विचारायला हवं : शर्यतीचं नाव कोणाच्या नावावर नोंदणार? टीव्हीचे आणि जाहिरातीचे पैसे कुठल्या खात्यात जाणार? त्यातले किती इथल्या पोरांच्या सायकलींवर खर्च होणार? शर्यतीची सायकल लाखांत जाते, बाप ऊस घालून ती घेऊ शकत नाही.

पुण्यालाही हेच विचारता येईल, आणि पुढच्या वर्षीचं बजेट मांडण्याआधी विचारलेलं बरं.