न्यूयॉर्क किती तासांवर?

घरातले पोर अमेरिकेला शिकायला निघाले की आईचा पहिला प्रश्न, "किती लांब रे ते?" समजा, तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ रात्री १, न्यूयॉर्कला पोचायची सकाळी ७.३०. म्हणजे साडेसहा तास! पण हा हिशेब फसवा आहे. सुटण्याची वेळ आपल्या घड्याळाची असते, पोचण्याची तिथल्या. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. साडेसहात साडेनऊ मिळवा, झाले १६ तास. थेट विमानाला साधारण एवढेच लागतात. दुबई किंवा लंडनला विमान बदलायचे तर वीस-बावीस तास धरा.

येताना उलटा प्रकार. दुपारी १२ ला सुटलेले विमान दुसऱ्या दिवशी ११.३० ला मुंबईत. दिसतात साडेतेवीस तास. साडेनऊ वजा केले की उरतात १४. उंच आभाळात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो येताना पाठीशी, जाताना तोंडावर.

अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. नकाशात बघाल तर वाटेल, विमान सरळ पश्चिमेला जात असेल. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या, मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरी ताणून धरा. दोरी आपोआप उत्तरेला, आइसलँडच्या बाजूला सरकते. गोलावरची जवळची वाट तीच. युद्धामुळे एखाद्या देशाचे आकाश बंद असले की वळसा पडतो व वेळ वाढतो. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा.

साताऱ्याच्या शाळेत शिकलेले बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, ते बोटीने. जूनमध्ये करारावर सही झाली आणि ते पोचले जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. मग घरी पत्र यायलाही कित्येक आठवडे. रमाईंनी ते दिवस कसे काढले असतील!

आता घरापासूनचा हिशेब. खंडाळा ते मुंबई विमानतळ दोनशेच्या आसपास किलोमीटर (वाटेत लोणावळ्याशेजारचे दुसरे खंडाळे लागते, पाहुण्यांचा तिथेच घोटाळा होतो). प्रवासाला पाच-सहा तास, विमानतळावर तीन तास आधी हजेरी. म्हणजे दारातून निघाल्यापासून पंचवीस तास तरी गेलेच. आई-बापांनी तेवढा वेळ फोनची वाट पाहत घाबरू नये.

भाड्याचे म्हणाल, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यात जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते, पण इकॉनॉमी वर्गाचे आणि जवळच्या मार्गाचे. वाटेत मित्राकडे उतरून फिरत गेलात तर कारकून फाईल परत पाठवील. मीही तेच करीन. तिकीट आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. फोन रात्री ८ ला करा, तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा झालेले असतात.