हातात पाइप की सुरी?



‘त्याच वेळच्या वर्तमानपत्रांत छापून आले आहे, मग शंका कशाला?’ असे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी जॅक द रिपर या अज्ञात खुन्याविषयी ठणकावले आहे. शंका त्या वर्तमानपत्रांमुळेच येते, त्याला काय करणार!

३० सप्टेंबर १८८८ च्या मध्यरात्रीनंतर लंडनच्या बर्नर स्ट्रीटवर एलिझाबेथ स्ट्राइडचा, रिपरच्याच नावावर जमा असलेला, खून झाला. त्याआधी थोडाच वेळ तिच्याशी कुणाला तरी झटापट करताना इस्रायल श्वार्ट्झने पाहिले होते. हा हंगेरियन, इंग्रजीचा गंध नाही, जबाब दुभाष्यामार्फत. पोलिसांच्या अहवालात जवळचा दुसरा माणूस पाइप पेटवत होता. दुसऱ्याच दिवशीच्या ‘स्टार’मध्ये त्याच्या हाती सुरी आली! अहवालात हल्लेखोर बाईला रस्त्याकडे ओढतो, ‘स्टार’मध्ये बोळात ढकलतो. अर्थात पोलिसांचा कागद म्हणजेही ब्रह्मवाक्य नव्हे. मूळ जबाब गहाळ आहे. उरला आहे तो इन्स्पेक्टर स्वॉन्सनचा १९ ऑक्टोबरचा गोषवारा.

फळविक्रेता मॅथ्यू पॅकर तर याच्याही वरताण. सार्जंट व्हाइटला तो आधी म्हणाला, काहीच पाहिले नाही. मग इनामे जाहीर झाली, खासगी हेर दारात आले आणि स्ट्राइडच्या सोबत्याला आपण द्राक्षे विकल्याची त्याची साग्रसंगीत हकिकत ‘इव्हिनिंग न्यूज’मध्ये झळकली. मृत्यूपूर्वी कित्येक तासांत तिने द्राक्षाची साल वा बी गिळलेली नव्हती, असे पोलिसांचे शल्यचिकित्सक डॉ. फिलिप्स यांनी मृत्यूच्या चौकशीत सांगितले. पत्रलेखकांचा सगळा डोलारा मात्र या द्राक्षांवरच उभा आहे.

– एक वाचक, सातारा